मेणावरचे पडदे

रोज सकाळी सहाला मी मधमाश्यांचे मेण वितळवतो, त्यात काजळी मिसळतो आणि वीणेच्या दांडीवर काळ्या मेणाच्या दोन कडा रचून त्यांत पितळेचे चोवीस पडदे सुरात बसवतो. तंजावरातल्या आम्हा वीणा घडवणाऱ्या आसारींची ही नेहमीची सकाळ. नवरात्रात त्या दिवशीही ती तशीच सुरू झाली. मग मी मठात गेलो.

तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. नादमूर्ती स्वामी वीणेला कापूर ओवाळून कौल लावत होते. वाजवणारी पवित्र असेल तर देवी सुरात बोलणार, नाहीतर रडणार. त्यांची शिष्या हेमावती वाजवून गेली. सूर चोख होते. आता वडिवांबाळ बसली. वीस वर्षे मठात आठ मुलींना शिकवणारी ही बाई वर्षभरापूर्वी विधवा झाली होती. कौल उलटला, तर वर्ग हेमावतीला मिळणार होता.

"आई गं, हिच्या कपाळी कुंकू नाही, चालेल ना तुला?" स्वामी लाडाने पुटपुटले. हेमावतीच्या वेळी झर्रकन फिरलेली ज्योत या वेळी दांडीला चिकटून तिथेच राहिली.

वडिवांबाळने तार ओढली. सूर घसरला.

"रडली! आई रडली!" गर्दी ओरडली.

"पांढऱ्या पायाची मेली!"

आयांनी मुलींना दंडाला धरून उठवले. वडिवांबाळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली. दोष आपलाच, असे तिलाही वाटले असावे.

मी पुढे होऊन मेणात अंगठा दाबला. ठसा उमटला.

"तिनं बाटवली म्हणून विरघळलं," स्वामी म्हणाले.

मी दुकानातून कोरी वीणा आणवली. "हिला कुणाचाच हात लागलेला नाही, सामी. तेवढाच वेळ कापूर धरतो. वाजवू दे हेमावतीला."

"देवीची परीक्षा घेतोस?"

"तुम्ही कुणाची घेतलीत?"

मी तेवढाच वेळ कापूर धरला. हेमावतीने तार ओढली. पडदा सरकला. देवी तिच्याही हातून रडली.

"मेणाला विधवा-सवाष्ण कळत नाही, ऊब कळते," मी म्हणालो. "गेल्या वर्षी सरोजाम्मा अशीच पापी ठरली. सरकलेले पडदे मीच परत बसवले, आणि मठाचं काम सुटेल म्हणून गप्प बसलो. तिनं पुन्हा वीणा धरली नाही. चमत्कार दिसला की आधी हात लावून बघा. निवाडा नंतर करा."

कोणी क्षमा मागितली नाही. एका आईने फक्त विचारले, "टीचर, उद्या वर्ग आहे ना?"

"मठात नाही," वडिवांबाळ म्हणाली. "माझ्या ओसरीवर, सकाळी सहाला. जिनं मुलीला ओढून उठवलं, तिनंच आणून बसवायचं."

दुसऱ्या दिवशी आठांपैकी तिघी आल्या. वडिवांबाळने ठीक सहाला तिघींना शिकवायला सुरुवात केली.