काण्याचं बक्षीस

"दाजी, उद्या दुपारी व्यापारी येतोय. काण्याला देऊन टाका," मेहुण्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. "आदर्श शेतकऱ्याच्या दावणीला काणा बैल! शोभतं का?"

दाजी काण्याच्या मानेवरची गोचीड काढत बसले.

वासरू असतानाच त्याचा डावा डोळा गेला होता. पेरणीला जुंपला की दिसेल त्या अंगाला ओढायचा, आणि तासं कोयत्यासारखी वाकडी पडायची. गाव हसायचं, दाजीही हसायचे. पण यंदा पाऊस असा कोसळला, की लोकांच्या सरळ तासांतून माती वाहून गेली आणि दाजींच्या वाकड्या तासांत पाणी अडून पीक कमरेला लागलं. शेतकी खात्याचे साहेब बघतच राहिले. "ही वळणपेरणी कुठं शिकलात?"

दाजींनी तोंड उघडायच्या आत मेहुणा म्हणाला, "डोकं आहे साहेब, डोकं!"

झालं. आदर्श शेतकऱ्याचं बक्षीस मिळालं, फोटो निघाला, बांधावर पाटी लागली. पूर्वी दाजी जेवून झाडाखाली काण्याच्या पाठीला टेकायचे, घटकाभर डोळा लागायचा. आता भर दुपारी इस्त्रीचा सदरा घालून पाहुण्यांना वळणाचं शास्त्र सांगायचं. काय सांगतात ते त्यांना तरी कुठं कळत होतं?

"अहो, बक्षीस मिळालंय ना?" बायको म्हणायची. "मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब वीस गावची माणसं घेऊन आले. रिकाम्या तुकड्यात पेरून दाखवायचं होतं. काण्याची लाज नको म्हणून मेहुण्यानं शेजाऱ्याचा बैल मागून आणला होता, चांगला दोन डोळ्यांचा. दाजींनी जोडी हाकली. तास पडलं ते दोरी धरल्यासारखं सरळ! दाजींनी कासरा ओढला, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. बैल नाकासमोर चालला.

"वळण कुठाय?" साहेबांनी विचारलं.

दाजींनी घाम पुसला. मेहुणा डोळ्यांनी खुणावत होता, काहीतरी थाप मारा म्हणून. दाजींनी गोठ्याकडं पाहिलं. बिचारा एका डोळ्यानं इकडंच बघत होता.

"साहेब, शास्त्र गोठ्यात बांधलंय. आणू का?"

काण्या आला, जुंपला, आणि असं झोकदार वळण काढलं की बघत राहावं.

"म्हणजे... हे बैलानं केलं?"

"देवानं त्याचा एक डोळा झाकला, त्यानं शेत वाकडं केलं. मी नुसता मागं चालतो."

गर्दीतली एक म्हातारी बोललीच, "बैलामागं आम्हीही जन्मभर चाललो बाबा. आमचा फोटो नाही काढला कुणी!"

हशा पिकला. साहेब लालबुंद झाले, पाटी उपटून जीपमध्ये टाकली आणि गेले.

"हातचं यश घालवलंत, दाजी!" मेहुण्यानं कपाळ बडवलं.

"घालवलं कुठं? हे काय, कडबा खातंय."

दाजींनी इस्त्रीचा सदरा काढून काण्याच्या शिंगाला अडकवला, झाडाखाली त्याच्या पाठीला टेकले आणि एकटेच खुदुखुदु हसत सुटले.

"फोटो आत्ता काढायला हवा होता," भाकरीचं फडकं सोडत बायको म्हणाली.

जेवण होतंय तोच बांधावरून हाक आली. व्यापारी होता.

"झोपलेत म्हणून सांग," दाजी डोळे मिटत म्हणाले.

"कोण?"

"आम्ही दोघंही."