कुटुंबप्रमुख

"या नावाचं कुणी नाहीये," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

"मग मी कोण आहे?" आईने विचारलं.

कारकुनाने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. समोरच्या बाईपेक्षा त्याचा स्क्रीनवर जास्त विश्वास होता. "आजी, तुमचं कार्ड चालत नाही. ऑपरेशनच्या यादीतही तुम्ही नाही. नवा अर्ज भरा, नंबर लागेल."

"लागला होता नंबर. उद्याचा. काचबिंदूने एक डोळा नेला, दुसरा निघालाय. नवा नंबर लागेपर्यंत मला तुझं तोंड दिसायचं बंद होईल. तसं फार नुकसान नाही म्हणा."

रांगेत कुणीतरी हसलं. आई हसली नाही. तिने आयुष्यभर पहिली-दुसरीला शिकवलं होतं, आणि गल्लीतली पोरं अजूनही दुपारी तिच्याकडे वाचायला येत. पुस्तक नाकाशी धरलं की तिला जमत होतं, पण फार दिवस जमणार नव्हतं.

तिची लेक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. आरोग्य योजनेतल्या सगळ्या कुटुंबांच्या नोंदी सांभाळणं हे तिचं काम. आई कठडा धरून जिना चढली आणि तिच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बये, तू मला पुसलंस."

लेकीने आईचं नाव टाकलं. काही आलं नाही. वडिलांचं टाकलं. तेही नाही. वडील गेल्या महिन्यात वारले होते. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचे कान तापले.

"काल मी तुझ्या तपासण्यांसाठी रजेवर होते ना, तेव्हा साहेबांनी सगळ्या मयतांच्या नोंदी डिलीट केल्या. प्रत्येक घर इथे एकाच नावावर टांगलेलं असतं, कुटुंबप्रमुखाच्या. दोरी कापली की वाळत घातलेले कपडे खाली पडतात, तसं. बायको, मुलं, त्यांची कार्डं, आजार, तारखा, सगळं त्याच्याबरोबर जातं. ही सिस्टिम विचारतसुद्धा नाही."

"म्हणजे नवरा मेला म्हणून मीही मेले. मग तू कशी उरलीस?"

"लग्न झाल्यावर मी दुसऱ्या प्रमुखाखाली गेले."

"वा. जावईबापूंच्या तब्येतीला जप."

लेक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. तिने त्यांना हे आधीच सांगितलं होतं. घराला आधी दुसरा प्रमुख द्या, मेलेल्यापुढे नुसतं मयत लिहा. काढायचंच असेल तर आधी बघा, त्याच्याबरोबर काय काय जातंय. तेव्हा साहेब म्हणाले होते, मेलेली माणसं जागा अडवतात.

"कालच्या सफाईत जिवंत माणसं गेली," ती म्हणाली.

"ओरडा झालाय का?"

"आजपासून होईल. सफाईच्या आधीच्या नोंदींचा बॅकअप आहे, त्यातून सगळे परत आणता येतील. पण आज संध्याकाळी त्याच्यावर नवा बॅकअप चढेल. त्याआधी खिडक्या बंद ठेवून..."

"खिडक्या बंद होणार नाहीत. वर काय सांगू मी? ज्यांची तक्रार येईल त्यांचे अर्ज घेऊ." मग साहेबांनी आवाज खाली आणला. "तुझ्या आईचं तेवढं गुपचूप टाकून दे. मी काही पाहिलं नाही."

बाहेर येताना ती रागाने लाल झाली होती. राग साहेबांवर तर होताच, स्वतःवरही होता, कारण क्षणभर तिला ते पटलं होतं. तिने आईला सगळं सांगितलं.

"बाक मोडून पोरं खाली पडली," आई म्हणाली, "आणि बाईंनी स्वतःची पोर तेवढी उचलली. तसंच ना?"

"आई, उद्या ऑपरेशन आहे."

"डोळा माझा आहे, मला माहीत आहे उद्या काय आहे."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल." आईने खुर्ची ओढली आणि बसली. "पण रागवायचं तर नीट रागाव. नुसती धुमसू नकोस."

लेकीने सगळ्या खिडक्यांची सिस्टिम बंद केली. खालून गलका वर येऊ लागला. सगळा बॅकअप तसाच ओतला असता तर आजच्या नव्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या, म्हणून तिने काल गेलेलीच घरं वेगळी काढली. आता क्रम सांभाळायचा होता. काढताना खालून वर काढायचं, परत ठेवताना वरून खाली.

"आधी कोण?" आईने विचारलं.

"बाबा. ते आत आल्याशिवाय तुला घेतच नाही."

"म्हणजे या मशीनचंही माझ्या सासूसारखंच आहे."

स्क्रीनवर बाबा आले. वय, रक्तगट, दमा. दम्याचं औषध अजून चालू होतं. मग लेकीने पुढची घरं घेतली.

साहेब धावत आले. "कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही."

"या क्षणापासून तू निलंबित आहेस."

"चालेल. पण माझा पासवर्ड आत्ता बंद केलात तर अर्धी घरं आत राहतील, अर्धी बाहेर. ते वर कसं सांगणार?"

आईने शेजारची खुर्ची पुढे सरकवली. "बसा. उभ्याने ओरडलं की वर्ग शांत होत नाही."

ते बसले नाहीत, पण फोनलाही हात लावला नाही. लेक काम करत राहिली. घरं आत आली, माणसं त्यांच्या खाली लागली, तारखा माणसांना लागल्या. मग तिने मेलेल्या प्रमुखांपुढे मयत लिहिलं आणि प्रत्येक घरातल्या एका जिवंत माणसाला त्यांच्या जागी नेलं. आईच्या नावासमोर कुटुंबप्रमुख आलं. ऑपरेशनची तारीख उद्याचीच होती. शेवटी तिने नियम बदलला. प्रमुखाखाली एक जरी माणूस असेल तर आता सिस्टिम डिलीट करायला नकार देणार होती.

खिडक्या सुरू झाल्या. तिने हात मांडीवर ठेवले.

थोड्या वेळाने साहेबांनी निलंबनाचं पत्र आणून टेबलावर ठेवलं. लेकीच्या आधी आईने ते उचललं, नाकाशी धरलं आणि एकेक ओळ सावकाश वाचली.

"'कामात हलगर्जी,'" ती म्हणाली. "कारण चुकीचं लिहिलंय. पुन्हा लिहून आणा."

"आजी, हा ऑफिसचा कागद आहे."

"असू दे की. मी थांबते."