बंदरावर चढलेला बावटा

पोलीस ठाण्यात तंटा मिटवायला जाणं धाकू तांडेलाला नवीन नव्हतं. मिरकरवाडा बंदरात बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, हाच खलाशांचा पालक. जेटीवर दोघांची जुंपली की तांडेलांनी बसायचं, दर्याला नारळ द्यायचा आणि विषय संपवायचा. त्या सकाळीही त्याच्या पिशवीत नारळ होता.

"लिहून घ्या, मॅडम," तो उपनिरीक्षक नाझियांना म्हणाला, "जाळ्यावरून बोलाचाली झाली, रागात हात उचलला गेला. आमच्यात असा होतच असता. आम्ही आपसात मिटवू."

नाझिया मॅडमनी पेन उचललं नाही. "कुठलं जाळं?"

"म्हणजे?"

"फाटलेलं की हरवलेलं? कुणाचं? किती वाव खोल पाण्यात होतं?"

जाळं नव्हतंच.

जे घडलं ते आदल्या दिवशी सकाळी साऱ्या बंदराने पाहिलं होतं. स्वरूप हा धाकूच्याच बोटीवरचा खलाशी, तेवीस वर्षांचा. जाळं असं शिवायचा की गाठ शोधून सापडू नये. बोट धक्क्याला लागली, तो मासळीची टोपली घेऊन उतरला, आणि दुसऱ्या बोटीवरच्या पाच जणांनी त्याला घेरलं. एकाने केस धरून खाली पाडलं. दुसऱ्याने गळ्यात दोर अडकवला. "वरात आली, वरात!" असं ओरडत त्याला लिलावाच्या जागेपासून बर्फाच्या गाडीपर्यंत फरफटत नेलं. गुडघ्यांची कातडी सिमेंटवर राहिली. माशांच्या खवल्यांवरून रक्ताची लांब रेघ उमटली. तोंडावर कुणीतरी माशांची आतडी ओतली. लिलाव थांबला. शंभरावर माणसं उभी होती. काही चक्क हसत होती.

मग पाचव्याने बर्फ फोडायची लाकडी मोगरी उचलली. "नवरीला बांगड्या भरा रे!"

दोघांनी स्वरूपचा उजवा हात बर्फाच्या लादीवर दाबून धरला. पहिल्याच घावाला मनगट मोडलं. तो आवाज धाकूपर्यंत पोचला. दुसऱ्या घावानंतर स्वरूपचं ओरडणंही थांबलं. त्यानंतर आणखी तीन घाव पडले. धाकूने ते मोजले होते. पाऊल मात्र उचललं नव्हतं.

कारण 'वरात' हा शब्द कुठून आला, ते त्याला ठाऊक होतं.

मारहाणीच्या चार दिवस आधी बोट समुद्रात होती, मोबाईलची रेंज जेमतेम पोचत होती. स्वरूपचा फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावलेला होता. पडदा उजळला, आणि धाकूने वाचलं: 'जेवलास का रे? तू आल्याशिवाय घर घर वाटत नाही.' पाठवणारा शुभंकर, जयगडचा. धाकूला हसू फुटलं. समुद्रात वायरलेस म्हणजे गावची चावडी. वेळ जात नसला की सगळे तांडेल तिथेच. त्याने माईक उचलला.

"ऐका रे, आमच्या बोटीवर नवरी हाय! नवरा जयगडास वाट बघत बसलाय!"

बारा बोटींवर हशा पिकला. मग एक आवाज आला, "बंदराला लागू दे तांडेलानू, वरात काढतो." धाकू त्यावरही हसला होता.

"हात मोडताना 'बांगड्या भरा' कोण म्हणतं, तांडेल?" इथे ठाण्यात नाझियांनी विचारलं; लोकांची कुजबूज त्यांच्यापर्यंत आली होती. "जाळ्यावरून भांडणारा?"

"मॅडम, हाड मोडलान ना? मग मारणाऱ्यांना आत टाका. कारण कशाला उकरताय? हाड काय कारण विचारून मोडतं?"

नाझियांनी खिडकीतून बंदराकडे बोट दाखवलं. "वादळ येताना बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो, तो कुठल्या बोटीसाठी?"

"एका बोटीसाठी कसा असेल? सगळ्यांसाठीच. कुणी बाहेर पडू नये म्हणून."

"हा मारही तसाच. मनगट एकाचं मोडलं, बावटा सगळ्यांसाठी चढला. केळशीपासून जयगडपर्यंत स्वरूपसारखी जेवढी माणसं आहेत, त्यांना तो दिसला. बाहेर पडू नका, प्रेम करू नका, दिसू नका! जाळ्याच्या भांडणात असा बावटा चढत नाही. म्हणून कारण लिहायचं."

नाझियांनी कायद्याचं पुस्तक उघडलं.

"पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान, लिंग अशा कारणावरून कुणाला जबर जखमी केलं, तर कायद्यात वेगळं कलम आहे. पण कोण कुणावर प्रेम करतो, हे त्या यादीत नाव घेऊन लिहिलेलं नाही. शेवटी एवढंच आहे, 'किंवा तत्सम कारण'. त्या शब्दांत स्वरूपला बसवायचं, तर कारण सिद्ध व्हायला हवं. आणि बंदरावर शंभर माणसं असून जबाबात कुणाला काहीच ऐकू आलेलं नाही!" त्यांनी पुस्तक मिटलं. "वायरलेसवर कुणीतरी बोललं होतं म्हणतात. जो ते सांगेल, त्याचीही चौकशी होईल. मी लपवणार नाही."

"पण पोराचं नाव चव्हाट्यावर येईल."

"त्यालाच विचारा. तो नको म्हणाला, तर मी लिहिणार नाही."

इस्पितळात धाकूची बायको कमळा स्वरूपला पेज भरवत होती. नवऱ्याच्या पिशवीकडे तिची नजर गेली.

"नारळ आणलात होय? फोडा आता ह्याच्याच डोक्यात. तेवढाच राहिलाय!"

धाकू खाटेजवळ उभा राहिला. स्वरूपचा एक डोळा पूर्ण मिटला होता, ओठाला टाके होते. हात कोपरापर्यंत बांधलेला. बोटं वाकतील, पण बारीक गाठ मारता येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

"जाळ्यावरून झाला असं सांगतायत सगळे," धाकू पुटपुटला. "तुझ्याच भल्यासाठी. खरं कारण कागदावर गेलं तर..."

"तांडेल," स्वरूप कष्टाने म्हणाला, "कारण सगळ्या बंदराला ठाऊक आहे. फक्त कागदालाच ठाऊक नाही. सांगा त्यांना, लिहा म्हणून."

धाकूने मान खाली घातली. "वायरलेसवर मी..."

"मी डेकवरच होतो. केबिनचं दार उघडं होतं."

धाकू खाटेच्या कडेवर बसला.

"त्या दुपारी जेवताना तुम्ही मला सुरमईचा एक तुकडा जास्त वाढलात," स्वरूप म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटलं असेल."

वाईट वाटलंच नव्हतं! धाकूला तो तुकडा आठवतही नव्हता. पाच घाव मोजणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट सोसवेना. त्याने पदर हातात धरलेल्या कमळेकडे पाहिलं. नारळाची पिशवी तिने त्याच्या हातातून काढून घेतली.

तासाभरात तो पुन्हा ठाण्यात होता.

"लिहा, मॅडम. पाचही जणांची नावं सांगतो. 'बांगड्या भरा' कोण म्हणाला, तेही. आणि 'नवरी' हा शब्द पहिला काढला तो मी, धाकू तांडेलाने. हेही लिहा."

"नीट विचार केलात?"

"त्या दिवशी नाही केला. आज केलाय."

जबाबावर सही करून तो धक्क्यावर आला, तोवर बातमी पोचली होती. बर्फवाल्याने पाठ फिरवली. कुणीतरी शिट्टी मारली. धाकू सरळ बोटीवर चढला आणि त्याने वायरलेसचा माईक हातात घेतला.

"ऐका रे. धाकू बोलतोय. माझ्या खलाशाचं नाव स्वरूप. त्याचं माणूस जयगडला आहे, आणि ते त्याचं घर आहे. त्याची थट्टा मी ह्याच माईकवर केली, म्हणून त्याचा हात मोडला. भीतीचा बावटा मी चढवला होता. तो आज मीच उतरवतोय. जबाब दिलाय."

या वेळी बारा बोटींवर हशा पिकला नाही. दूरच्या एका बोटीवरून, ओळखू न येणारा, कोवळा आवाज आला, "ऐकलं, तांडेल." एवढंच. पण धाकूला कळलं, बावटा पाहून कुठेतरी स्वरूपसारखंच कोणीतरी खरोखरच नांगर टाकून बसलं होतं!

वाचकहो, दर वेळी दांडका उगारणारा हात वेगळा असतो. पण त्याला कारण पुरवणारा शब्द बहुधा आपल्यापैकीच कुणाचा तरी, हसत-हसत उच्चारलेला असतो. अशा माराला कायद्याने त्याच्या खऱ्या नावाने ओळखलं पाहिजे. कलमातल्या त्या यादीत हे नाव स्पष्ट यावं, ही मागणी आपण सर्वांनी करायची आहे. आणि ते येईपर्यंत ते साक्षीदाराच्या तोंडी यायला हवं, कारण न लिहिलेल्या कारणाला शिक्षा होत नाही.