टिटवीवरचं पाणी

हुबळीच्या माणसाला समुद्र पाहायचा तर घाट उतरून मुरगाव गाठावं लागतं. तरीही सदतीस सालच्या उन्हाळ्यात उणकलच्या तळ्याकाठी एक लढाऊ आगबोट येऊन बसली, आणि ती तिथे बसवणाऱ्या शहाण्यांबद्दल सटवाजी नाईकाचं मत काही बरं नव्हतं. तसं त्याचं मत कुणाबद्दलच बरं नसे. अळणावरजवळच्या आपल्या गावात तो पाटलाला ढोंगी म्हणे, मास्तराला गाढव म्हणे आणि देवळातला गुरव दिसला की नुसता थुंके. पलटणीतून नाईक होऊन आलेल्या, बसऱ्याची लढाई पाहिलेल्या माणसाने गावातल्या उंदरांना का म्हणून मान द्यायचा?

बोट मात्र खरी होती. जर्मन लढाईत ती तिग्रीस नदीवर फिरायची, मागे लाकडी चाक आणि पुढे तोफ. तिचं इंग्रजी नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तिच्या चिरक्या शिट्टीवरून शिपायांनी तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली. लढाई संपल्यावर ती मुरगाव बंदरात कोळशाने लादलेल्या होड्या ओढत राहिली आणि तेही जमेना तेव्हा एका भंगारवाल्याने तिचे दोन तुकडे करून मालगाडीने हुबळीला आणले. सुभेदार परशुरामने तिला स्टेशनात ओळखलं. भंगारवाल्याच्या हातापाया पडून, चार वकील मध्ये घालून त्याने ती सोडवली, तुकडे पुन्हा जोडून तळ्याकाठी बसवली आणि जाहीर केलं की जुन्या शिपायांची कमिटी ह्या बोटीचं संग्रहालय करणार.

हा परशुराम पेन्शनीत निघाल्यापासून धारवाडला मळमड्डीत राहत होता. शेजारीपाजारी सगळे निवृत्त अंमलदार, त्यामुळे त्याचं नाक आणखीच वर गेलं होतं. तळ्याकाठी खुर्ची टाकून तो हुकूम सोडायचा. मुंबईपासून बसऱ्यापर्यंत हाच माणूस बादलीत तोंड घालून ओकत गेला होता, हे सटवाजीने प्रत्येक रविवारी निदान एकदा तरी सगळ्यांना ऐकवलं. दुसरा धोंडिबा. तो भटारखान्यात कांदे चिरायला होता आणि आता तोफेवर हात ठेवून फोटो काढून घ्यायचं म्हणत होता. असे टिटवीवर राहिलेले सहासात म्हातारे दर रविवारी जमून गंज खरवडत, रंग फासत आणि फुशारक्या मारत. सटवाजी शिव्या घालत का होईना, अळणावरहून गाडीने येई. गावात शिव्या घालायला एवढी माणसं नव्हती.

खरं काम करत होता तो तुकाराम. महारवाड्यातला हा माणूस टिटवीच्या भट्टीत कोळसा घालायला होता. बोटीच्या पोटात एकटाच शिरून तो बॉयलर घासत बसे. कामकऱ्यांसाठी वडाखाली माठ भरलेला असे, पण त्याला हात लावायची तुकारामला मुभा नव्हती. तो घरून डब्यात पाणी आणी. ते संपलं तर सटवाजी तांब्या घेऊन त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतत असे. बाकीचे तेवढंही करत नसत, म्हणून सटवाजी स्वतःला फार मोठ्या मनाचा समजत होता.

एका रविवारी बॉयलरमागचा गंज निघाला आणि खाली लोखंडी टाकी दिसली. तिला पितळी नळ होता. तुकारामने तो चिंचेने घासून लखलखीत केला. एकेक म्हातारा येऊन बघून गेला आणि परत आपला गंज खरवडायला लागला.

बोलणार काय? तिग्रीसमध्ये मेलेली खेचरं वाहत येत होती, ते पाणी पिणारा कॉलऱ्याने जात होता. प्यायला पाणी एकच, बॉयलरच्या वाफेचं, थंड करून ह्या टाकीत साठवलेलं. टाकी एक, नळ एक. मराठा असो, मुसलमान असो, कोळसेवाला असो, सगळ्यांनी त्याच नळाला तोंड लावलं. घरी परतल्यावर मात्र प्रत्येकाने सांगितलं की आमची सोय वेगळी होती. पगार घरात येत होता तोवर कुणी जास्त चौकशीही केली नाही.

"ही टाकी काढा," सुभेदार म्हणाला.

"काढली तर जागा रिकामी दिसंल," धोंडिबा म्हणाला. "त्यापेक्षा आणखी एक आणून शेजारी बसवू. रेल्वेच्या भंगारात पडल्यात की. एकीवर हिंदू लिहायचं, दुसरीवर इतर."

सगळ्यांचे चेहरे उजळले. धोंडिबाला आयुष्यात पहिल्यांदाच अक्कल सुचली होती, आणि ती अशी.

"साकु रे, साकु! बास करा!" सटवाजी कडाडला. "लाज हाय का न्हाई? परशा, कॉलऱ्याच्या दिवसात ह्याच नळाला वासरागत लुचत होतास. तवा कुठं गेलती तुझी दुसरी टाकी? आणि धोंड्या, तुझ्या कांद्यांची आमटी कुठल्या पाण्यात शिजत होती रे?"

"सटवाजी, आमच्या लेकीसुना इथंच नांदालत्या," सुभेदार शांतपणे म्हणाला. "तुझीही नांदायची हाय."

"माझ्या घरात भ्यायची रीत न्हाई. बसवा तुमची टाकी. उद्घाटनाला चार माणसांत मी खरं काय ते सांगणार."

त्या दुपारी ओंजळीने पाणी पिऊन झाल्यावर तुकाराम उठलाच नाही. हात पुसत तसाच बसून राहिला.

"नाईक, खरंच सांगणार?"

"सटवाजीचा शब्द हाय."

"मग कृष्णाबाईला आणतो. लढाईवरनं आल्यापासनं तिला सांगालोय, की मराठ्यांसंगं एका नळाचं पाणी प्यालो, आणि ते पाणी करणारा मीच होतो. ती म्हणती, फेकू नका. पोरांसमोर हसती री मला." डब्याचं झाकण लावत तो म्हणाला, "पोरंबी हसत्यात."

"आण तिला. तिच्यासमोर सांगतो."

त्या दिवशी परतीच्या गाडीत सटवाजी छाती काढून बसला होता. एवढ्या भित्र्यांत आपण एकटे मर्द, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याच महिन्यात त्याच्या राधेचं लग्न ठरलं. राधा पायाने थोडी अधू. दोन स्थळं त्यावरूनच परत गेली होती आणि पोरीने आरशात बघणं सोडलं होतं. जुन्या हुबळीतल्या गुळाच्या व्यापाऱ्याने, यशवंतने, पाय बघूनही आपल्या मुलासाठी होकार दिला. तराजू धरणाऱ्या माणसांना सटवाजी एरवी कवडीची किंमत देत नसे, पण राधा पुन्हा गुणगुणायला लागली होती. त्यामुळे यशवंतबद्दल तो कधी नव्हे ते चांगलं बोलू लागला.

उद्घाटनाला तळ्याकाठी मांडव पडला. अध्यक्ष म्हणून मळमड्डीचे एक निवृत्त मामलेदार आणले होते. पोहणंही न येणाऱ्या त्या गृहस्थांनी आरमारावर लांबलचक भाषण ठोकलं आणि नारळ फोडताना स्वतःच्याच धोतरावर पाणी उडवून घेतलं. मग लोक फळीवरून बोटीत चढू लागले. तुकारामला सुभेदाराने आधीच बजावलं होतं की तुमच्या लोकांनी काठावरूनच बघायचं. बॉयलर चकचकीत करणारा तो माणूस काठावर उभा राहिला. शेजारी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलेली कृष्णाबाई होती.

सटवाजी टाक्यांपाशी उभा होता. हिंदू आणि इतर, दोन्हींवर पांढरी अक्षरं ताजी होती. काय बोलायचं ते त्याने गाडीत दहा वेळा घोळवलं होतं. पहिलाच शब्द 'भित्र्यांनो' असा होता.

तेवढ्यात जरीची टोपी घातलेला यशवंत फळीवरून चढून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण व्याही लढाईतला शूर, म्हणून तो हौसेने आला होता. टाक्यांसमोर थांबून त्याने अक्षरं वाचली आणि मोठ्याने निःश्वास टाकला.

"बरं वाटलं बघा, सटवाजीराव. आमच्या घरातल्या बायकांचं डोकं उठलं होतं. बसऱ्याला जाऊन आलेल्यांनी कुणाच्या हातचं प्यालं काय नि काय, म्हणून. मी म्हटलं, स्वतः बघून येतो. लढाईतसुद्धा सोय वेगळी ठेवली होती की!"

सुभेदाराने मिशीवर बोट फिरवलं. "नाईक आज बोलणार होते. बोला की, नाईक."

सटवाजीने एकदा टाक्यांकडे, एकदा यशवंतकडे पाहिलं. आणि नेमकी तेव्हाच काठावरून कृष्णाबाईची हाक आली.

"नाईक अण्णा! आमचे हे म्हणत्यात, तुम्ही समदी एकाच नळाचं प्यालासा. खरं का खोटं, तुम्हीच सांगा री!"

बोटीवरचे लोक हसले. यशवंतही हसला. "कोण हो ही?"

"कोळसा टाकायला होता एक, त्याची बायको," सटवाजी म्हणाला.

खाली तुकाराम ताठ उभा होता, कवायतीत उभं राहावं तसा. त्याची नजर सटवाजीवर होती आणि तिच्यात जराही शंका नव्हती. सटवाजीला राधेचं गुणगुणणं आठवलं. यशवंत उत्तराची वाट बघत होता.

"दोन टाक्या होत्या, बाई," सटवाजीने ओरडून सांगितलं. "पहिल्यापासनं दोनच."

"शाबास!" धोंडिबा म्हणाला. कांदे चिरणाऱ्याची शाबासकी सटवाजीला तोंडात मारल्यासारखी लागली. आयुष्यभर त्याने ज्यांना ज्यांना नावं ठेवली, त्यातल्या एकानेही इतका हलकट प्रकार केला नव्हता, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. यशवंत खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारत होता आणि लग्नाच्या मानपानाचं काहीतरी बोलत होता.

"बघा!" काठावर कृष्णाबाई नवऱ्याला म्हणाली. "वीस वर्सं फशिवलंसा मला."

तुकारामने सटवाजीवरची नजर काढली. बायकोकडे वळून तो बोलला, पण आवाज बोटीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचेल एवढा होता.

"व्हय, खोटंच सांगत होतो. असल्या माणसांसंगं पाणी प्यालो असतो, तर मला लाज वाटली असती."

आणि बायकोला घेऊन तो हुबळीच्या रस्त्याला लागला.