मिरचीचा हात

दीपमालाने डोक्यावरचा टॉवेल बाजूला केला. वाफेने तोंड लालबुंद झालं होतं.

"आता दाब, वहिनी. छिद्रं उघडी हायेत तवरच निघते ते."

पुष्पांजलीवहिनीने तिचं नाक दोन बोटांत धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. अमडापूरची मंडळी इकडे धाड गावी यायची होती, आणि त्यांत सुचिता असणार होती. मुलगी पाहायला आली तेव्हा नवरदेवाच्या या बहिणीने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "नाकावर मोहरी पेरली का वं?" सगळे हसले. दीपमालाही हसली, पण तेव्हापासून तिचा आरसा सुटला नव्हता. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: काळे दाणे दाबायचे नाहीत. छिद्रं कायमची मिटत नसतात. लिहून दिलेल्या फेसवॉशने रोज तोंड धुवायचं, तेलकट क्रीम सोडायचं, म्हणजे ती तुंबत नाहीत आणि बारीक दिसतात. मात्र त्याला महिने लागतात. दीपमालाकडे एवढी एकच दुपार होती.

"थांब न वं, हलू नको."

"वहिनी, आग होऊन राह्यली."

"दाबल्यावर होतेच थोडी."

थोडी नव्हती. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली आग गालांवर चढली. दीपमालाने डोळे गच्च मिटले आणि ओरडली. पुष्पांजलीने हात मागे घेतला, स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सकाळभर ती वावरात हिरवी मिरची तोडत होती.

"धुतले होते वं हात. साबणानं धुतले होते."

दीपमालाची आई, तानुबाई, तांब्या घेऊन धावली.

"पाणी नको, मामी!" पुष्पांजलीने सासूला अडवलं. " पसरते ते. डोळ्यात जाईन. तेल आणा."

तेल लावलं, कापसाने टिपलं, पुन्हा लावलं. मग दह्याचा लेप दिला. आग जराशी उतरली, पण नाक टमाट्यासारखं सुजलं होतं. तेवढ्यात दारात जीप थांबली. पुष्पांजलीने खिडकीतून पाहिलं.

"सुचिता हाये. सकाळच्या साडीवरचा ब्लाउज घेऊन आली, माप पाहायले."

तानुबाईचा आवाज एकदम खाली आला. "आत जा. कडी लाव. ताप आला म्हणून सांगतो मी."

"आई…"

"पोरीले कातडीचा रोग हाये म्हणतीन ते. सकाळी कोणी येणार नाही. समजते का तुले?"

दीपमालाला समजत होतं. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. आता लपलं, तर सकाळी हेच नाक पावडरखाली दडवायचं. परवाही. त्यापुढेही. तिने कडी सोडली.

सुचिता आत आली आणि जागेवरच थांबली. "हे काय झालं वं?"

"तापानं…" तानुबाईने सुरुवात केली.

"ताप नाही," दीपमाला म्हणाली. "मोहरी काढत होतो, ताई. वहिनीचा हात मिरचीचा होता."

सुचिताने पिशवी खाटेवर ठेवली.

"मी तं गमतीनं म्हटलं होतं."

"मी गमतीनं नाही घेतलं."

तानुबाईने पदर तोंडाशी धरला. सुचिता जवळ आली. मग तिने दह्याची वाटी उचलली, बोट बुडवलं, आणि थांबली. वाटी खाली ठेवून तेलाची बाटली घेतली. दोन्ही तळव्यांना, नखांच्या कडांना तेल चोळलं, कापसाने पुसलं, मग साबणाने हात धुऊन आली.

"कालपासून वावरात गेली नाही मी. तरी पाहून घे."

तिने हात पुढे केले. दीपमालाने तिचं एक बोट धरून आपल्या मनगटाच्या आतल्या कातडीवर घासलं आणि वाट पाहिली. आग झाली नाही.

मग तिने दह्याची वाटी सुचिताकडे सरकवली आणि तोंड पुढे केलं.