हाकणार कोण

डोंगरकड्याच्या ट्रॉली कारखान्यात मी रोबोट बसवायला गेले होते. वेल्डर मनकर्णाताईंचा हात बघून तो वेल्डिंग शिकणार होता. मी त्यांच्या मनगटाला सेन्सर बांधू लागले, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"शिकल्यावर त्याला चालवणार कोण?"

"पुण्याहून माणूस येऊन राहिला," मालक म्हणाले. "तुमी घरी आराम करा."

"मी शिकवलं तर हाकणार बी मीच."

"बाई, रोबोट काय बैल हाय?"

"बैल बरा. तो आपला माणूस वळखतो."

मालक हसले. ताईंनी हेल्मेट खाली ओढलं आणि ट्रॉली हातानंच जोडायला घेतली. त्यांच्याशिवाय रोबोट नुसताच उभा होता. मालकांचं हसू थांबलं. मग त्यांच्यासमोरच मी पुण्याच्या आमच्या ऑफिसला कळवलं, "माणूस पाठवू नका. ऑपरेटर इथंच आहे."