उदयची सुधारित स्प्रिंग

चालत्या गाड्याला खीळ कशी घालावी हे शिकायचं असेल, तर उदय टिपणीसकडे शिकवणी लावावी. लेस्टरच्या घरातला टोस्टर त्याने सुधारला, तेव्हापासून टोस्ट थेट सिंकमध्ये जाऊन पडायचा. बॉयलर सुधारला, तेव्हा ऐन जानेवारीत नवरा-बायको कोट घालून झोपली. माणूस मनाने लाखमोलाचा, पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की संपलंच. आणि २००४ साली त्याचा हात बायकोच्या पिस्तुलाला लागला.

दचकू नका. खऱ्या हँडगनवर ब्रिटनमध्ये केव्हाच बंदी आली होती. हे आपलं हवेच्या दाबावर चालणारं, दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटला छर्रे मारायचं. आसावरी दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि संध्याकाळी क्लबात जाऊन टार्गेटला. हात इतका स्थिर, की क्लबातले आजोबा चहा पिता पिता थांबून बघत राहायचे. काउंटीच्या संघात बायकांची एकच जागा रिकामी होती, आणि ऑक्टोबरमधली मॅच जिंकेल तिला ती मिळणार होती. आसावरीला ती जागा हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. भाजी ढवळतानासुद्धा ती डाव नेम धरल्यासारखा धरायची.

नेमकं तेव्हाच उदयने इंटरनेटवरच्या कुठल्याशा फोरमवर वाचून अमेरिकेहून ट्रिगरची एक ‘सुधारित’ स्प्रिंग मागवली. मूळची काढली, फिल्मच्या रोलच्या रिकाम्या डबीत टाकली आणि नवी बसवली. दोन्ही स्प्रिंगा दिसायला जुळ्या बहिणी, केसाएवढ्या बारीक. ट्रिगर लोण्यासारखा मऊ झाला, यात वाद नाही. फक्त मधूनच तो मरायचा. बोट दाबावं तर आत काहीच नाही, नुसता ढिला. मग पिस्तूल उघडा, हलवा, देवाचं नाव घ्या. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार.

सरावाच्या दोन मॅचेस तिने अशाच घालवल्या. उदय म्हणाला, छर्रे निकृष्ट आहेत. मग म्हणाला, इथली हवा दमट आहे. स्प्रिंग सोडून जगातल्या सगळ्यांना त्याने आरोपी केलं. आणि आसावरी, जिला लॅबमध्ये सगळे टरकून असायचे, ती घरात मूग गिळून बसली. कितीतरी संध्याकाळी भिंग डोळ्याला लावून तो त्या स्प्रिंगवर बसला होता. शेवटी पिस्तूल तिच्या हातात देताना त्याचा चेहरा इतका फुलला होता, की आता बोलून त्याला दुखवायचं तिच्या जिवावर यायचं.

मॅच रविवारी होती आणि दसरा शुक्रवारी. पाटावर लॅपटॉप, उदयचे स्क्रूड्रायव्हर, आसावरीचं पिस्तूल, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. पूजेतल्या हत्यारांना दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवेपर्यंत हात लावायचा नाही, हा उदयच्या आईचा दंडक. दर दसऱ्याला पुण्याहून फोन करून त्या तो बजावायच्या. दुपारी आसावरी बेलग्रेव्ह रोडला जाऊन जिलबी घेऊन आली, दोघांनी मुकाट्याने खाल्ली आणि टीव्ही बघितला.

जिलबी चघळतानाच तिला सुचलं. पाटावर आहे तोवर उदय काही पिस्तुलाला हात लावत नाही. म्हणजे हीच वेळ.

शनिवारी सकाळी तो आंघोळीला गेला तशी ती पाटापाशी बसली. देवा, क्षमा कर, सासूबाई, तुम्ही पण करा, असं पुटपुटत तिने पिस्तूल उघडलं. उदय उघडताना तिने इतक्यांदा बघितलं होतं, की हात आपोआप चालले. आतली स्प्रिंग काढली, डबीतली घातली, काढलेली डबीत टाकली, सगळं बंद केलं. बाथरूममधून उदयचं गाणं ऐकू येत होतं. झेंडू पुन्हा पिस्तुलावर ठेवताना तिला इतकं हसू फुटलं, की तोंडात पदर कोंबायची वेळ आली, आणि अंगात होता ड्रेसिंग गाऊन.

रविवारी ती पिसासारखी हलकी होऊन उभी राहिली. छर्ऱ्यामागून छर्रा मध्यात. मॅच निम्म्यावर आली, तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे होती. मागे खुर्चीत उदय हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

आणि ट्रिगर मेला.

तिने पुन्हा दाबलं. ढिला. हे शक्यच नव्हतं. तिने हात वर केला आणि पिस्तूल घेऊन मागे आली. शूटिंग रेंजचे प्रमुख मिस्टर हॅलम, पांढऱ्या मिशांचे, सावकाश चालत आले.

“उदय, असं होणारच नाही,” ती मराठीत कुजबुजली. “मी काल जुनी स्प्रिंग घातली होती. तू आंघोळीला गेलास तेव्हा.”

उदयचा चेहरा पांढराफटक पडला. “काल?”

“चिडू नकोस ना.”

“आसा, तू शुक्रवारी जिलबी आणायला गेलीस ना, तेव्हाच मी आईची क्षमा मागून जुनी घातली होती. नवी डबीत टाकली होती.”

म्हणजे नवऱ्याने बिघाड काढला आणि बायकोने तो जपून परत बसवला. आसावरीला आधी रडू आलं, मग खांदे हलायला लागले, आणि त्या शांत रेंजमध्ये तिच्या नाकातून असा काही आवाज निघाला, की शेजारच्या बाईचा छर्रा टार्गेटच्या कडेला गेला.

मिस्टर हॅलमनी घसा साफ केला. क्लबाचा नियम साधा होता. भाग आपसूक बिघडला किंवा छर्रा सदोष निघाला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत मॅचचं घड्याळ थांबतं. कुणी हौसेने खुडबूड केली असेल, तर थांबत नाही. काय झालंय, त्यांनी विचारलं.

आसावरीने उदयकडे बघितलं. आता तो म्हणणार, छर्रे निकृष्ट आहेत. म्हण बाबा, तिच्या मनात आलं, आज तरी म्हण.

“माझी चूक आहे,” उदय इंग्रजीत म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “मी बाहेरची स्प्रिंग घातली. ती चांगली नाही.”

घड्याळ चालू राहिलं. आसावरीला त्या क्षणी त्याचा गळा दाबावासा वाटला. उदयने पिशवीतली डबी उघडली. त्याच्या हातांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू होती तशी परत केली, आणि भराभर केली. ती जागेवर पळाली, तेव्हा वेळ इतका थोडा उरला होता, की श्वास मोजायला, खांदा जुळवायला, शंका घ्यायला फुरसतच नव्हती. हात उचल, मार. हात उचल, मार. ओठ अजून हसण्याने थरथरत होते, हात तेवढा नव्हता. शेवटचा छर्रा सुटला आणि घंटा वाजली.

टार्गेटं मोजून झाली. ती एका गुणाने पहिली आली होती. मिस्टर हॅलमनी तिचा हात हातात घेऊन, काउंटीच्या संघात स्वागत आहे, असं म्हटलं.

बाहेर कार पार्कमध्ये तिने त्याला गाठलं. “घड्याळ थांबलं असतं ना रे. खोटं का नाही बोललास? इतके दिवस तर धडधडीत बोलत होतास.”

“बोललो असतो, तर तू आरामात जिंकली असतीस,” उदय म्हणाला. “आणि पुढच्या आठवड्यात मीच म्हणालो असतो, की स्प्रिंग तशी वाईट नव्हती. मला ओळखतेस ना.” मग पिशवी या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, “तू तिथे उभी असतेस आणि मी नुसता खुर्चीत. वाटायचं, आपलंही काहीतरी त्या पिस्तुलात असावं.”

आसावरीला भरून आलं. तिने त्याचा हात घट्ट धरला. आता काहीतरी गोड बोलावं असं तिला फार वाटलं, पण तोंडातून निघालं ते कितीतरी दिवस आत दाबून ठेवलेलंच.

“उदय, भयंकर होती रे ती स्प्रिंग.”

“माहीत आहे.”

“नाही, तुला माहीत नाही. मला रात्री स्वप्नात यायची.”

“सांग ना,” तो म्हणाला, आणि कार पार्कच्या कठड्यावर ऐसपैस बसला. “सगळं सांग.”

ती त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.